निम्म्या लयीत

सर, तुम्ही शिकवायला यायचात तेव्हा आपण आमच्या किचनमध्ये बसायचो, कारण हात नसलेल्या खुर्च्या घरात तेवढ्या तिथेच होत्या. आईचं थालीपीठ तव्यावर आहे आणि तुम्ही माझा अंगठा गिटारच्या मागे नीट सरकवताय. "सर, तिखट नाही ना लागत?" आई विचारते. "आम्ही हंगेरीचे, तिखटाला घाबरत नाही," असं म्हणून तुम्ही आणखी चटणी मागून घेता.

तुमची गोष्ट मला तिथेच तुकड्यातुकड्यांनी कळली. बुडापेस्टमध्ये सरकारला जॅझ खपत नव्हतं, म्हणून तुम्ही परदेशी रेडिओला कान लावून शिकलात. रस्त्यांवर रणगाडे आले तेव्हा गिटार पाठीला बांधून पायी सीमा ओलांडलीत. न्यूयॉर्कमध्ये तुमच्या बोटांच्या वेगानं लोक थक्क झाले. रेकॉर्डी निघाल्या, दौरे झाले. मग डाव्या हाताला संधिवातानं धरलं आणि बोलावणी थांबली. तुम्ही मुलीजवळ, अमेरिकेतल्याच आमच्या बेलव्ह्यू शहरात आलात, शिकवण्या धरल्यात आणि रविवारी दुपारी एका हॉटेलच्या लाउंजमध्ये वाजवू लागलात.

अशाच एका रविवारी तुम्ही मला ऐकायला नेलंत. एका माणसानं तुमची सगळ्यात गाजलेली, सगळ्यात वेगवान धून मागितली. मला धडकीच भरली. तुम्ही ती निम्म्या लयीत सुरू केलीत. "हात गेला म्हाताऱ्याचा," तो बायकोला म्हणाला. तुम्हाला ते ऐकू गेलं, पण तुम्ही मान वर केली नाहीत. एक सूर छेडलात, तो पुरता विरेपर्यंत थांबलात, मग दुसरा. हळूहळू टेबलांवरचं बोलणं बंद पडलं. तो माणूस शेवटपर्यंत हलला नाही. जाताना तुमच्यापाशी आला. "थांबलात, बरं वाटलं," तुम्हीच त्याला म्हणालात.

कारमध्ये मी म्हटलं, "सर, यू वेअर सो ब्रेव्ह!" तुम्ही चांगलेच रागावलात. "माझी कीव करू नकोस. पूर्वी बोटं पळायची आणि मी त्यांच्यामागे. आता एकेक सूर घ्यायचा की नाही, हे मी ठरवतो."

आज मी गिटारवरच जगते. विद्यार्थ्यांना तुमच्या रेकॉर्डी ऐकवते, ते त्या वेगानं भारावून जातात. मी मात्र त्या रविवारीच असते. त्या तोडीचं वाजवणं मी पुन्हा ऐकलेलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते माझ्यापाशीच राहील. पण एक सांगते. या हिवाळ्यात माझी डावी करंगळी सकाळी वाकेनाशी झालीय. घरात अजून कोणालाच सांगितलेलं नाही. मला भीती वाटतेय, सर.