सोमवतीच्या तीन दिवस आधी

२२ जानेवारी १९३८, शनिवार. मोताळा

मास्तराले शाळेतून बारा दिवसांची सुट्टी मिळाली. मास्तर म्हणजे आमचे मालक. लग्न झाल्यावर दुसरीपर्यंत मले यांनीच शिकवलं, म्हणून ही वही. माणूस चांगला, पण कारभार हळू. चहाच्या एका घोटाले चार फुंका. म्हणून प्रवासाचं सगळं मी हातात घेतलं आहे.

मागच्या श्रावणात मास्तराले मुदतीचा ताप आला. एकविसाव्या दिवशी वैद्यानं मान हलवली तेव्हा मी नवस बोलली. माणूस उठला तर सोमवती अमावस्येले जोडीनं, पदराले उपरण्याची गाठ मारून, समुद्रात सात डुबक्या. गावात इतके देव असून समुद्र काऊन बोलली, मले माहीत नाही. घाईत तोंडात आला.

मास्तर उठले. नवस उरला. तो फिटेपर्यंत मास्तर शिंकले तरी मी वैद्याकडे धावते.

सोमवती ३१ तारखेले. वाटेत भुसावळ, नाशिक, मुंबई करणार. पोस्टमास्तरच्या सत्यभामाबाईले एवढ्याच गावांना एक महिना लागला होता. बाई जाड आहे.

२३ जानेवारी, रविवार, सकाळी ९. नांदुरा स्टेशन

गाडी दीडला. आधी आलेलं बरं. गाडीचं तीनदा विचारलं. तिसऱ्या बारीले तिकीटबाबू म्हणाला, बाई, विचारल्यानं ती लवकर येत नाही. उद्धट आहे.

संध्याकाळ. भुसावळ झालं. फलाटावरून दिसलं तेवढं पाहिलं. मोठं गाव आहे.

२५ जानेवारी, मंगळवार. नाशिक

नाशिकले तीन दिवस धरले होते. दीड दिवसात झालं. टांगेवाल्याले सांगतलं, सगळे देव जेवणाच्या आत दाखव. तपोवनात टांगा थांबवला नाही, हळू केला. मास्तर म्हणाले, घाटावर घडीभर बसू. बसायले एवढ्या दूर काऊन यावं? घरी ओटा आहे.

२७ जानेवारी, गुरुवार. मुंबई

इथंही तीन दिवस धरले होते. उद्या सकाळी निघतो. म्युझियममधल्या भुसा भरलेल्या वाघासमोर मास्तर पाव घंटा उभे होते. तेवढ्यात मी पुढची तीन दालनं पाहून परत आली. काय पाहिलं ते आठवत नाही, पण पाहिलं.

इथला समुद्र घाण आहे असं सत्यभामाबाईनं सांगतलं होतं. म्हणून डुबक्या रेवदंड्याले. तिथं लक्ष्मीकांत मास्तर राहतात. मोताळ्याच्या शाळेत मास्तरांच्या सोबत होते, पेन्शन घेऊन गावी गेले.

एकूण तीन दिवस वाचवले. कोणी शाबास म्हटलं नाही.

२८ जानेवारी, शुक्रवार. रेवदंडा

लाँच, मग मोटार. समुद्र पाहिला. मोठा आहे. सारखा हलते.

मी पदर खोचून निघालीच होती. लक्ष्मीकांत मास्तरांनी अडवलं. पर्वाशिवाय समुद्राले शिवायचं नसते, म्हणाले. सोमवारी बाराले भरती आहे, पाणी पार वाळूवर येईल, भटजीले सांगून ठेवलं आहे. तोवर तीन दिवस निवांत बसा, शहाळी प्या.

तीन दिवस. बसा.

२९ जानेवारी, शनिवार

सकाळी ७. बसली.

सकाळी ७ वाजून १० मिनिटं. उठली.

मास्तर सुरूच्या झाडाखाली पाय पसरून समुद्र पाहून राह्यले. तापापासून पहिल्यांदा गालावर रंग दिसला. मी तो पाहिला, पण उभ्या उभ्या.

दुपार. जवळ पाहायजोगं काय आहे विचारलं. मुरूडले पाण्यात किल्ला आहे म्हणे. लक्ष्मीकांत मास्तर म्हणाले, वहिनी, सोमवार झाल्यावर जा. मग सुट्टी कुठं उरते? उद्या जाऊ, सोमवारी सकाळी आठच्या मोटारीनं निघू, दहाले परत. यात चुकण्यासारखं काही नाही.

३० जानेवारी, रविवार. मुरूड

किल्ला झाला. मास्तराले तोफा मोजायच्या होत्या. सातव्या तोफेवर हात धरून खाली आणलं. धर्मशाळेत मुक्काम. निश्चय: उद्या नवसाचा दिवस, कसलीही जोखीम घ्यायची नाही.

३१ जानेवारी, सोमवार, सकाळी ६. मुरूडचा धक्का

मोटारीले अजून दोन घंटे आहेत. हैदर तांडेलाचा मचवा आत्ताच रेवदंड्याले निघून राह्यला. मास्तर म्हणाले, मोटारच बरी. दोन घंटे रस्त्यावर उभं राहायचं आणि नाव डोळ्यासमोरून चालली, याले काय म्हणावं? बसलो. मोटारीच्या आधी पोचतो.

साडेआठ. वारा पडला. शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबून राह्यलं. काठच्या रस्त्यावर धूळ उडाली. मोटार असावी.

बारा. भरती. चारी बाजूंनी समुद्र, हात खाली केला तर लागते. हैदरले विचारलं, इथंच डुबकी मारली तर? तो म्हणाला, एकाला वर काढीन, गाठ मारलेले दोघं एकदम जमणार नाहीत.

साडेतीन. आता थोडा वारा आला. खाडीचं तोंड दिसलं. हैदर म्हणून राह्यला, अमावस्येची ओहोटी मोठी, बाहेरच नांगर टाकू, पाणी चढलं की आत नेतो. गाव समोर दिसते. मी म्हटलं, थांबायचं नाही, चल. तो म्हणाला, बाय, रुतेल. मी म्हटलं, रुतला तर माझ्यावर.

चार. रुतला.

साडेपाच. पाणी गेलं. एवढा समुद्र होता, गेला. खाली कमरेइतका चिखल. काठावर लक्ष्मीकांत मास्तर हात वर करून उभे आहेत. भटजी बसले आहेत. अमावस्या सातले संपते. मचव्याखाली पाणी आठशिवाय येत नाही. मचव्याच्या तळाशी घागरभर खारं पाणी आहे, पण नवस डुबकीचा होता.

मी रडली. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. मास्तराले म्हटलं, तुमच्या जिवाचा नवस होता, माझ्या दोन घंट्यांपायी गेला.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, “अवं, दीड घंट्यापासून तू एका जागी बसली आहेस. लग्नानंतर पहिल्यांदा.”

उठणार होती. चहूकडे चिखल.

३ फेब्रुवारी, गुरुवार. मोताळा

पिशव्या खाली ठेवल्या आणि सत्यभामाबाई हजर. सगळ्यात आधी स्नानाचं विचारलं. हो म्हणायले मी तोंड उघडलं. आत मास्तर खोकलले. खोटं बोलून याच माणसाले काही झालं तर? म्हटलं, नाही झालं. बाईनं विचारलं, तीन दिवस आधी पोचून? सगळं सांगतलं. बाईले हसायले खाली बसावं लागलं.

संध्याकाळी जोश्याकडून नव्या सालाचं पंचांग आणलं. पुढची सोमवती ज्येष्ठात, तेव्हा पावसानं लाँच बंद, समुद्र खवळलेला. त्याच्या पुढची कार्तिकात. नऊ-दहा महिने. इतके दिवस हा माणूस नवस फिटल्यावाचून उघडा.

मास्तराले विचारलं, तुम्हाले भीती नाही वाटत? ते चहा फुंकून राह्यले होते. पूर्ण फुंकून झाल्यावर म्हणाले, “कार्तिकापर्यंत मी मरत नाही. फक्त तू मले घाई करू नको.”

हो म्हटलं. मग पंचांग पुन्हा पाहिलं. मधात एखादी सोमवती नजरेतून सुटली असंल.