लोकांना प्लास्टिक, बायकोला कागद

मी, खाली सही करणारा, वयाने थकलेला पण डोके ठिकाणावर असलेला माणूस, हे माझे पहिले मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. मी कोणत्याही नशेत नाही. सकाळचा चहा झाला आहे तेवढाच. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कारण दाब टाकायला घरात दुसरे माणूस नाही. माझे नाव, पत्ता आणि घराच्या चारी बाजू वकिलाने पहिल्या पानावर टाइप केल्या आहेत, त्या पुन्हा लिहीत नाही. पुढचेही तोच टाइप करणार होता, म्हणजे सगळे एका पानात उरकले असते. मी म्हटले, माझे मी लिहितो. तो म्हणाला, "लिहा, पण भावना नकोत. मालमत्ता लिहा." बघतो कसे जमते ते.

हे आताच का, तर गेल्या महिन्यात मी न्हाणीघरात घसरून पडलो. नळ चालूच राहिला. उठता येईना, आणि ओरडलो तरी रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात कोणाला ऐकू जाईना. खाली सलून आहे. त्याच्या छतातून पाणी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठिबकायला लागले तेव्हा सलूनवाला शिव्या देत वर आला, म्हणून वाचलो. पडल्या पडल्या मला मरणाची भीती वाटली नाही. वाट कोणाची बघायची हेच सुचेना, त्याची वाटली.

कलम १. माझे काम आणि त्यातून मिळालेली माहिती.

नोकरीची सगळी वर्षे मी मोठ्या पार्कच्या दारातल्या खिडकीत बसून पास दिले. आकाशपाळणा, पाण्याच्या घसरगुंड्या, भुताचे घर, हे सगळे माझ्या पाठीमागे होते. मला दिसायची ती फक्त रांग. पास दोन तऱ्हेचे. वर्षाचे पैसे भरणाऱ्याला प्लास्टिकचे कार्ड, त्यावर रंगीत फोटो, गळ्यात दोरीने अडकवायचे. बाकीच्यांना आणि आम्हा नोकरमाणसांच्या घरच्यांना कागद. तोही दुकानाच्या बिलाचा असतो तसला गुळगुळीत, ज्यावर यंत्र शाईशिवाय नुसत्या उष्णतेने छापते. फोटोही त्यातच, करडा करडा. दोन्ही तऱ्हांचे फोटो खिडकीतल्या यंत्रावर मीच काढायचो.

कोणता पास जास्त टिकतो, हे मला इतक्या लोकांनी विचारले आहे की ते उत्तर माझ्याबरोबर जाऊ नये म्हणून इथे नोंदवतो. प्लास्टिक पाण्याला भीत नाही. पँटच्या खिशातून धुण्यात जाऊन येते आणि तोंड धुतल्यासारखे चकचकीत दिसते. त्याला दगा देते ते त्याचेच भोक; दोरीने ओढून ओढून तिथून चीर जाते. उन्हात गाडीत विसरले तर वाकडे होते. कागद पाण्याच्या घसरगुंडीवरून खाली येईपर्यंत लगदा होतो. कोरडा ठेवला तरी उन्हाने, उबेने, खिशातल्या अंगाच्या गरमीनेसुद्धा फिका पडत जातो. त्याला जपायचे म्हणून लोक प्लास्टिकच्या पाकिटात घालतात, आणि त्या पाकिटानेच त्याच्यावरचे अक्षर आणखी लवकर उडते. हे शेवटचे कोणाला खरे वाटत नाही.

कलम २. पाटी.

माझ्या खिडकीवर साहेबांनी पाटी लावली होती: "प्लास्टिक घ्या, आयुष्यभर टिकेल." मी म्हटले, "साहेब, पास वर्षाचा आहे." ते म्हणाले, "तुम्ही विका हो, अक्कल पाजळू नका." रांगेतल्या लोकांसमोर म्हणाले. निवृत्त झालो त्या दिवशी ती पाटी मी खिळ्यांसकट काढून आणली. ती साहेबांना घरपोच परत करावी आणि सांगावे, की पाटी प्लास्टिकची होती आणि माझ्या आयुष्यभर टिकली.

कलम ३. डब्यातली माणसे.

पलंगाखाली बिस्किटांच्या मोठ्या डब्यात प्लास्टिकचे पास आहेत. हे पार्कात पडलेले, विसरलेले, कोणी शोधायला न आलेले. मुदत संपली की ते कातरीने कापून टाकायचे असा नियम होता. मला ते जमले नाही. आता त्यातली मुले बापे झाली असतील, म्हातारी माणसे गेली असतील, पण डब्यात सगळे जसेच्या तसे बसले आहेत, रंगसुद्धा हललेला नाही. एक दात पडलेली मुलगी आहे, एक मिशीवाला आहे ज्याला मी कधी काळी "मान सरळ" म्हटले असणार. खरे सांगायचे तर रात्री जेवताना मी त्यातले दोन-तीन पेल्याला टेकवून समोर उभे करतो. कोणीतरी समोर असले की घास खाली उतरतो. माझ्यामागे ते सगळे कापून टाकावेत. माझ्याशिवाय त्यांना ओळखणारे कोणी नाही.

कलम ४. बँकेतली शिल्लक.

मला पोहोचवण्याचा खर्च भागवून जे उरेल त्यातून पार्कातल्या कारंज्याजवळच्या बाकाला रंग द्यावा. पार्कवाले नको म्हणाले तर सलूनवाल्याने भांडावे. त्याला ते चांगले येते. बाकावर कोणाचे नाव घालू नये. तिला ते आवडले नसते.

ती म्हणजे माझी बायको. तिच्याबद्दल पुढच्या कलमात.

कलम ५. काळा कागद.

बायको दर आठवड्याला पार्कात यायची. पाळण्यात एकदाही बसली नाही. "मला बघूनच चक्कर येते," म्हणायची. त्या बाकावर बसून लोकांना किंचाळताना बघायची आणि पोट धरून हसायची. माझे काम संपले की आम्ही बरोबर घरी यायचो. पास संपला की दर वर्षी खिडकीशी येऊन मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "बघा हो हा माणूस! लोकांना प्लास्टिक आणि बायकोला कागद!" रांग हसायची. मीही हसायचो आणि कागदच द्यायचो, कारण नोकरमाणसांच्या घरच्यांना कागदच मिळे.

फोटोचे तिला वावडे होते. लग्नातल्या फोटोत ती कोणी रागावल्यासारखी उभी आहे. पण शेवटच्या पासाच्या वेळी मी माझ्या सरकारी आवाजात म्हटले, "बाई, सरळ बघा. हसू नका, पास रद्द होईल." तिला हसू आवरेना. यंत्राने नेमका तोच क्षण छापला. डोळे मिटत आलेले, सगळे दात बाहेर. त्या वर्षीच ती गेली. ती हसतानाचा दुसरा फोटो नाही.

तो कागद मी कपाटात तिच्या कपड्यांखाली, अंधारात ठेवला. मला माहीत होते तो कशाने उडतो. तरी प्रत्येक वेळी काढून बघताना तो आधीपेक्षा फिका असे.

माझी धाकटी बहीण दुसऱ्या गावी शिवणकाम करते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दुकानामागच्याच खोलीत राहते. बायको गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. स्वयंपाक बघे, माझ्या शर्टांच्या झिजलेल्या कॉलरी उलटवून शिवे, मी बोललो नाही तरी एकटीच बोलत राही. कपाट आवरताना तिला तो कागद मिळाला. फोटो उडत चाललाय हे तिलाही दिसले. मला आनंद व्हावा म्हणून तिने तो दोन पातळ प्लास्टिकमध्ये ठेवला, वर फडके घातले आणि तापलेली इस्त्री फिरवली. असला कागद नुसत्या उबेने फिका पडतो, पण त्याला इस्त्रीसारखी कडक उष्णता लागली की तो सगळाच्या सगळा छापला जातो. एका दमात काळा झाला, कडेपासून कडेपर्यंत.

ती तो हातात धरून बाहेर आली. "दादा, वहिनीचा फोटो पुसत चालला होता रे. मी म्हटलं, पक्का करून ठेवू..."

मी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता नीघ. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस."

तिने पिशवी भरली आणि गेली. एका शर्टाची कॉलर उसवलेली तशीच राहिली. पुढे तिचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. मग तेही थांबले. हा राग मात्र मला चांगला जपता आला. त्याला ना ऊन लागले ना पाणी.

पडलो त्या दिवशी न्हाणीघराच्या फरशीवर मला हे नीट दिसले, म्हणून लिहून ठेवतो. तो फोटो जाणारच होता. आणखी एखादा उन्हाळा, मग कागद कोरा झाला असता. तसे झाले असते तर मी रागावलो कोणावर असतो? मला बायको गेल्याचा राग कोणावर तरी काढायचा होता आणि घरात बहीण होती.

काळा कागद मी टाकलेला नाही. तो माझ्या खिशात घालून मला न्यावे.

कलम ६. घर.

राहते घर, आतल्या सामानासह, शिवणाला उजेड चांगला मिळतो त्या पुढच्या खोलीसह, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. यात कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मी तिचे माहेर बंद केले, ते माझ्यामागे उघडावे.

कलम ७. साक्षीदार.

वकील म्हणतो, दोन साक्षीदार लागतात, नाही तर हे सगळे रद्दी. आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. झाला तर त्याच्या नावे ठेवलेले रद्द होते. म्हणून सलूनवाल्याच्या नावे मी काही ठेवलेले नाही. त्याला तसे सांगितले तर म्हणाला, "काका, तसंही तुमच्याकडे घेण्यासारखं आहे काय?" तो पहिला साक्षीदार.

दुसरा मिळत नाही. खिडकीतले सोबती कोणी वारले, कोणी मुलांकडे राहायला गेले. शेजारी दाराच्या फटीतून म्हणाला, "सह्यांच्या भानगडीत मी पडत नाही." वकील म्हणतो, "अहो, कागद करणारा मी, मी साक्षीदार होत नाही; तुम्हाला ओळखणारा दुसरा कोणीही चालेल." मी इतक्या लोकांचे चेहरे चौकटीत बसवून दिले, आणि मला ओळखणारा दुसरा माणूस या गावात नाही. हे वाचणाऱ्याला अतिशयोक्ती वाटेल. मी दोन दिवस खरोखर शोधत होतो.

पुरवणी, सह्यांच्या आधी, त्याच शाईने.

बहिणीचा पत्ता अचूक हवा असे वकिलाने बजावले, म्हणून काल मी तिला फोन केला. बोलणे झाले ते असे.

"मी बोलतोय."

"दादा?"

"तुझा पत्ता हवा होता. जुनाच आहे ना?"

"कशाला?"

"मृत्युपत्रात लिहायचाय."

तिने फोन ठेवला. मला वाटले, संपले. माझ्याच कर्माने संपले.

आज वकील आणि सलूनवाला येऊन बसले होते. दुसरी सही वकील त्याच्या कचेरीतल्या कोणाची तरी आणणार होता, मला न ओळखणाऱ्याची. तेवढ्यात दार वाजले. बहीण पिशवी घेऊन उभी. रात्रभर प्रवास करून आलेली, केस पांढरे झालेले, मला ते माहीत नव्हते. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितले.

"चांगला धडधाकट आहेस की रे! मला वाटलं, शेवटचंच बोलतोयस."

मग टेबलाशी बसून तिने हे सगळे वाचले, ओळीवर बोट ठेवून. पाचव्या कलमापाशी थांबली, चष्मा काढून पुसला.

"दादा, मी तेव्हा फार घाबरले होते."

"माहीत आहे मला."

"मग फोन का नाही उचललास?"

मी तिला चहा करून दिला.

चहा पिऊन ती वकिलाला म्हणाली, "साक्षीदार कमी पडतोय ना? आणा इकडे, मी करते सही. याला माझ्याइतकं कोण ओळखतं?"

वकील उभाच राहिला. "ताई, तुम्ही सही केलीत तर घर जाईल तुमचं!"

"जाऊ दे. हा गेल्यावर या खोल्या घेऊन मी करू काय? भाऊ आहे तोवर माहेर. मला ते आत्ता हवंय."

सलूनवाला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी रडलो, हे वकिलाच्या सूचनेविरुद्ध इथे नोंदवतो.

तेव्हा कलम ६ फुकट जाणार हे मी जाणतो. वकील म्हणतो, घराचे काहीतरी ठरवून दुसरे मृत्युपत्र करावे लागेल. करू. मला आता घाई नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही करत आहे. त्यांनी ती माझ्या डोळ्यांसमोर करावी.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: वकिलाच्या शिक्क्यात आहे तो. वार सोमवार, दुपार.

मृत्युपत्र करणारा: (सही)
धंदा: निवृत्त, पासखिडकी.
राहणार: पहिल्या पानावर लिहिल्याप्रमाणे.

साक्षीदार पहिला: (सही)
धंदा: केशकर्तन.
राहणार: सलूनमागची खोली, याच इमारतीत.

साक्षीदार दुसरा: (सही)
धंदा: शिवणकाम.
राहणार: [येथे दुसऱ्या गावचा पत्ता लिहून खोडला आहे. खाडाखोड माझीच, मान्य. (सही)] दादाकडे.