खिळ्यावरचा पेनड्राइव्ह

३ मार्च, मंगळवार

कॉम्प्युटर आज पुन्हा रुसला. सासूबाईंचा भरतकामाचा वेलीचा नमुना उघडायला सांगितला, तर माझा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी हा आपला गोल गोल फिरतोय. यांना सांगितलं. "जुना झालाय, आपल्यासारखा," म्हणाले. आपल्यासारखा म्हणे! मी तर अजून चालते.

४ मार्च, बुधवार

काम काही चालू नाही तरी आतला पंखा घरघरतो. मधेच खिडकी उघडते — तुम्ही बक्षीस जिंकलात. बंद केली की दुसरी. भरतकामाचं मशीनसुद्धा धागा तुटायच्या आधी आवाज बदलतं, ते मला पाठ फिरवूनही कळतं. ह्याचं काही कळत नाही.

५ मार्च, गुरुवार

सासूबाईंच्या नमुन्यांच्या सगळ्या फोल्डरांवर छोटे छोटे बाण आलेत. मी काढले नाहीत. म्हणजे धाकट्या जावेने काढले. दुसरं कोण?

दुकानाची वाटणी होऊन मधोमध प्लायवूड लागल्यापासून आम्ही जावा बोलत नाही. नमुने मात्र दोघींचे. त्यामुळे मधल्या प्लायवूडच्या कडेला खिळा, खिळ्याला लाल दोऱ्याने पेनड्राइव्ह. लागला की न्यायचा, झाला की टांगायचा. तोंड उघडायची गरज नाही.

आणि कापडावर खडूने बाण मारायची सवय तिचीच. आता नमुन्यांवर खुणा करून ठेवल्या — हे माझे, म्हणून. इतकी वर्षं सासूबाईंच्या शेजारी बसून मी शिकले, आणि खुणा हिच्या?

सगळे बाण उडवले. जरा बरं वाटलं.

६ मार्च, शुक्रवार

नमुने नाहीत. एकही नाही. बाणांबरोबर सगळं गेलं.

कागदावरचे केव्हाच वाळवीने खाल्ले. सासूबाई तर आता नाहीतच. त्यांच्या हाताचं जे काही उरलं होतं ते ह्या डब्यात होतं. जेवण गेलं नाही. यांना अजून सांगितलेलं नाही.

७ मार्च, शनिवार

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. बघितल्या बघितल्या म्हणाला, "व्हायरस आहे, मावशी." मग विचारत सुटला — हळू झाला होता? हो. पंखा ओरडत होता? हो. नको त्या खिडक्या? हो. फोल्डरवर बाण?

"ते माझ्या जावेने काढले होते."

आधी त्याला कळेना. कळलं तेव्हा खुर्चीला धरून हसला. बाण व्हायरसच काढतो म्हणे. खरं फोल्डर लपवतो आणि त्याच्या जागी हा खोटा बसवतो. आपण बाणावर टिचकी मारली की आणखी पसरतो. मी उडवले ते खोटे. खरे आत असतील, बहुतेक. बहुतेक! कॉम्प्युटर घेऊन गेला. जाता जाता विचारलं, "पेनड्राइव्ह आणखी कुठे लावता?"

खिळ्याकडे बघितलं. रिकामा.

तशीच उठले, पलीकडे गेले. धाकटी कॉम्प्युटरसमोरच बसलेली. पेनड्राइव्ह हातात.

"लावू नकोस तो."

तिने वर बघितलं. "कालच लावलाय. का? आता तेही बंद करायचं?"

"अगं बये, व्हायरस आहे त्यात. बाण दिसले का तुला?"

मग म्हणाली, "ते तुम्ही काढले ना, ताई? नमुने तुमचे, म्हणून?"

"आणि मग तू काय केलंस?"

"उडवले."

मला आधी रडू आलं का हसू, आठवत नाही. तिचंही तेच. तिच्या भरतकामाच्या मशीनवरची बाई काम सोडून बघत राहिली. मग मी तिला एकेक लक्षण सांगितलं — हळू होणं, पंखा, खिडक्या. तिच्याकडे सगळीच होती. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम खराब पेनड्राइव्ह टांगता," म्हणाली. मीही तिला सोडलं नाही, मला काय काय वाटत होतं ते सगळं सांगितलं. मी निघाले तेव्हा म्हणाली, "चहा तरी घ्या." घेतला. साखर अजूनही जास्तच घालते.

९ मार्च, सोमवार

वेल आली! पानं, कळ्या, मोर, सगळं परत आलं. लपलेलंच होतं. कॉम्प्युटरवाल्याने पेनड्राइव्हही साफ करून दिला. वर तंबी — कुठूनही आणला की आधी तपासायचा, बक्षिसाला हात लावायचा नाही, आणि सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवायची. बरं बाबा.

धाकटीचा कॉम्प्युटर मात्र वाचला नाही. व्हायरसचं निमित्त, मुळात आतली डिस्कच संपत आली होती म्हणे. ती नुसती टेबल पुसत राहिली, पुसलेलंच.

१० मार्च, मंगळवार

सकाळी धाकटी आपली खुर्ची घेऊन आली आणि माझ्या कॉम्प्युटरसमोर बसली. मीच बोलावलं होतं. दुपारी हे आणि भावोजी प्लायवूड उतरवत होते. खिळ्याचं काय करायचं, यांनी विचारलं.

आम्ही दोघी एकदमच म्हणालो — जाऊ दे त्याच्याबरोबर.