पितृपक्षातली कोकण ट्रिप

१२ सप्टें., शुक्र., धायरी

काहीतरी शिजतंय. जेवताना अण्णा म्हणाले, उद्या कोकणात जायचं, सगळ्यांनी. खाडीवरच्या एका जुन्या धर्मशाळेत खोल्या सांगून ठेवल्यात. मार्केट यार्डातला कांद्याचा गाळा सोडून हा माणूस सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला गेला नव्हता. आणि पितृपक्षात? या पंधरवड्यात आमच्याकडे साधी चप्पल विकत आणत नाहीत.

शिवाय रविवारी तिथ. दरवर्षी तीन पानं वाढतो. आजा, आजी आणि तात्या. तात्या म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. मी जन्मायच्या आधी घर सोडून गेला तो गेलाच. मी बाइक काढून कुठे निघालो की आई ओरडते, तात्यासारखा जाशील.

विचारलं, तिथीचं काय?
"आजा-आजीचं अमावास्येला करू."
"आणि तात्याचं?"
"बॅग भर."

पिंकी म्हणते, दादा, तुला मुलगी दाखवायला नेतायत. पितृपक्षात मुलगी कोण दाखवतं? मग नोकरी. मला तिथे कुणाकडे तरी चिकटवून येणार. कॉलेज सोडल्यापासून अण्णांचं तेच चाललंय.

१३ सप्टें., शनि.

ताम्हिणीत धुकं. फोटो काढायला थांबू म्हटलं, नाही थांबले. पुढे एका फाट्यावर मोबाइलमधली बाई म्हणाली उजवीकडे, अण्णा डावीकडे वळले.
"आधी आलाय का तुम्ही?"
"बोर्ड होता."
मागे वळून बघितलं. बोर्डबिर्ड काही नव्हता.

धर्मशाळा मात्र भारी. जांभ्या दगडाची, मिठाचे व्यापारी उतरायचे म्हणे. मॅनेजर म्हणतो पेशवाईतली. पेशवाई म्हटलं की पुणेकर पुढचं विचारत नाहीत, हे त्याला माहीत असणार. भिंतीत बैल बांधायला कोरलेली भोकं आहेत, एकात सरडा. त्याच्या नादात चहा हुकला, म्हणून स्वयंपाकघरात घुसलो.

आचारी पांढऱ्या दाढीचा, सगळे मामा म्हणतात. बोलणं कोकणातलं नाही, आमच्या धायरीच्या पारावरचं.
"च्या हाय की. बस. पंधरवड्यात कसं काय फिरायला?"
माझं तोंड म्हणजे... सगळं सांगून बसलो. तिथ, तीन पानं, यंदा तात्याचं नाही.
"त्याच्या पानावर काय वाढता?"
म्हटलं, सगळ्यांना तेच. वडे, खीर, गवार, कारलं, अळू.
"कारलं बी?" मग साखर टाकत, "कावळा शिवतो का?"
"लगेच."
"लबाड हाय कावळा," म्हणाला आणि हसला. चहा उतू गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

१४ सप्टें., रवि.

नाष्टा मामांनी स्वतः आणला. सगळ्यांच्या पोह्यांत शेंगदाणे, अण्णांच्यात नाहीत. शेंगदाण्याने अण्णांचा घसा सुजतो, पण इथे सांगितलं कुणी? मी नाही, आई नाही. अण्णांनी मान वर केली नाही.
"मीठ आहे का?"
"हाय."
बास. एवढंच बोलणं. पण हनुवटी तीच, फक्त दाढीत.

हा तात्या आहे.

पिंकीला सांगितलं. ती म्हणाली, "बिल्डर." खरंच की. धायरीत उरलेल्या तुकड्यामागे बिल्डर लागलाय आणि सातबाऱ्यावर तात्याचं नाव असणारच. म्हणजे मेलेल्या माणसाला सहीपुरतं जिवंत करायला आलोय आपण. पोहे कडू झाले.

दिवसभर अण्णांवर नजर ठेवायची ठरवलं. मध्येच जेट्टीवर एक जण फाटलं जाळं शिवत होता, ते बघत बसलो. परत येतो तर अण्णा स्वयंपाकघराच्या दारात. आत पाऊल नाही. मामांना बांगड्याचा भाव विचारत होते. अण्णा माळकरी. आमच्या घरात अंडं येत नाही.

ते हलल्यावर आत गेलो, सांगून टाकलं. "तात्या, कशावर सही करू नका."

कोण तात्या, असं नाही म्हणाले. भाकरी थापत राहिले. "सही मागल्या वर्षीच दिली. आंब्याच्या दिवसांत आलता तुझा बाप. म्हनलं घे, मला काय करायचीय." भाकरी तव्यावर टाकली. "त्या भादव्यात बी वाढलं का रे माझं पान?"
मी तव्याकडे बघितलं.
"वाढलं म्हन की."

वाढलं होतं. अण्णा समोर बसून सही घेऊन आले आणि त्याच वर्षी वाढलं. गच्चीवर नेऊन मीच ठेवलं होतं.

"मग आता कशाला आलाय?" तात्या म्हणाले. "न्यायला, का नुसतं बघायला? इचार त्याला."

अण्णांना जेट्टीवर गाठलं. भेटून आल्यावरही पान का वाढलंत?
"गावाला काय सांगायचं होतं? जिता आहे पण घरी येत नाही?"
"तुम्ही चल म्हणालात का?"
खाडीकडे बघत बसले.
"अण्णा, एकदा तरी म्हणालात का?"
"त्याला कळत नाही का."

हे आमचं घर. मी उद्या कुठे राहून गेलो तर मलाही कुणी चल म्हणणार नाही. पान मात्र वेळेवर वाढतील.

परत स्वयंपाकघरात. म्हटलं, तुम्हीच विचारा त्यांना. "म्या न्हाई इचारत." सख्खे भाऊ, शंका नको.

सही झालीय, तर अण्णा आले कशाला? अजून काही घ्यायचं राहिलंय का? आईला माहीत असणार. आई माझ्याशी फक्त टॉवेल वाळला का एवढंच बोलतेय.

१५ सप्टें., सोम.

गाडीत बसून लिहितोय.

बॅगा टाकल्या. आई पुढे बसायला गेली तर अण्णा म्हणाले, "तू मागं बस, पोरांपाशी." आई लगेच मागे आली, का म्हणून विचारलंसुद्धा नाही. आम्ही तिघं दाटीवाटीने. पुढची सीट मोकळी.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आत भांडी वाजतायत. आवराआवर चाललीय की दुपारचं चढवलंय, इथून कळत नाही.

पिंकी म्हणाली, "अण्णा, हॉर्न वाजवा ना."
"हॉर्न वाजवून माणसं बोलवतात का?"
"मग?"

अण्णा स्टीअरिंग धरून बसलेत. मॅनेजर लांबून बघतोय, काही राहिलं का म्हणून.

अण्णांनी दार उघडलं. एक पाय बाहेर ठेवलाय.