बिशपांच्या परवानगीचं लग्न

दादा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमचा खोकला आठवावा लागतो, मग त्याच्यामागून आवाज येतो. मी सध्या बिशप हाऊसमध्ये काम करते. तुम्ही चपला बाहेर काढून ज्या व्हरांड्यात उभे राहायचात, त्याच्याच टोकाला माझी खोली आहे. लग्नाचे अर्ज, त्यातल्या अडचणी, परवानग्या, सगळं आधी माझ्याकडं येतं. या खुर्चीवर आजवर फादरच बसत आले. आता एक बाई बसते, आणि तिचा नवरा हिंदू आहे. तुम्ही असता तर आधी दचकला असता आणि मग अख्ख्या गल्लीत सांगत फिरला असता.

तुम्ही मुकुंदवाडीचे मास्तर, म्हणजे चर्चचे धर्मशिक्षक. फादर रविवारी यायचे, मिस्सेची उपासना करून जायचे. बाकीचा आठवडा वस्ती तुमच्या अंगावर. पोरांना प्रार्थना शिकवणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मयतीच्या घरी सगळ्यांत आधी पोचणं. धर्मप्रांत कशाला म्हणतात हे तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर तुम्ही खडूनं एकाखाली एक चौकोन काढताय. सगळ्यांत वर रोम, त्याखाली नागपूरचे आर्चबिशप आणि त्यांचा महाधर्मप्रांत, मग आपले बिशप आणि त्यांचा धर्मप्रांत, मग धर्मग्राम, मग वस्ती, आणि अगदी तळाला आपलं घर. तुम्ही सांगताय, "आपल्या आज्यानं निजामाच्या राज्यात बाप्तिस्मा घेतला, तवा इथं बिशप नव्हता. लांब विदर्भातनं यायचे. त्यायची वाट बघू बघू पोरायला मिशा फुटायच्या." मी विचारते, आपण सगळ्यांत खाली का? तुम्ही हसता. "खाली नाय बाई, पाया हाय त्यो." आणि आई परातीवरून ओरडते, "पाया तिकडं चर्चात काढा. मला भाकरी थापायची हाय."

त्याच स्वयंपाकघरात, मोठी झाल्यावर, मी तुम्हाला सांगितलं की मला लग्न करायचंय आणि मुलगा आपल्यातला नाही. सिल्लोडकडचं घर, कापूस-मक्याची शेती, मुलगा इथं कंपनीत कामाला. तुम्ही ताटावरून हात उचललात. रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी लोकायच्या पोरींना काय सांगत आलो? आता कोन्या तोंडानं सांगू?" त्यानंतर तुम्ही माझ्याशी आईमार्फत बोलायला लागलात. मी समोर बसलेली असायची आणि तुम्ही आईला म्हणायचात, "तिला म्हनावं, जेवून घे." आई एकदा वैतागून म्हणाली, "म्या काय टपालखातं हाय का?" मला हसू आलं. तुम्ही उठून बाहेर गेलात.

पुढचं मला लग्नानंतर सासूबाईंनी सांगितलं. तुम्ही कुणाला न सांगता एसटीनं सिल्लोडला उतरलात आणि विचारत विचारत त्यांच्या घरी गेलात. पांढरा सदरा, गळ्यात क्रूस, दारात उभे. सासऱ्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. तेही धास्तावलेले होते, भावकी काय म्हणेल म्हणून. बराच वेळ दोघं पावसापाण्यावर आणि कापसावर बोलत राहिलात. शेवटी सासऱ्यांनीच विचारलं, "मास्तर, पोरगी येईल, तिच्यासंगं तुमचा देव बी येईल. त्यो आमच्या घरात राहील का?" तुम्ही म्हणालात, "जागा दिली तर राहील. त्यो गोठ्यातच जन्मलेला हाय, त्याला काई सवय नाय असं नाय." सासरे खदखदा हसले. सासूबाई म्हणायच्या, तवाच लग्न ठरलं, बाकी सगळा बोभाटा.

पण घरी येऊन तुम्ही यातलं काही बोलला नाहीत. एका सकाळी फक्त म्हणालात, "साडी नेस. बिशप हाऊसला जायाचंय." अनेक दिवसांनी तुम्ही सरळ माझ्याशी बोललात, म्हणून मी काही न विचारता निघाले. आपल्या फादरांनी अर्ज आधीच पाठवला होता. बाप्तिस्मा नसलेल्या माणसाशी चर्चमध्ये लग्न करायचं तर बिशपांची खास परवानगी लागते. मी माझा विश्वास सोडणार नाही, मुलांना त्यात वाढवायचा मनापासून प्रयत्न करीन, असं वचन द्यावं लागतं. हे तुम्ही कितीजणींना समजावलं होतं. त्या दिवशी तुम्ही बिशपांच्या अंगठीचं चुंबन घेतलंत आणि खुर्ची दिली तरी बसला नाहीत.

"साहेब, लोकायच्या पोरींसाठी लई वेळा आलो. आज माझीच घेऊन आलोय."

बिशप म्हणाले, "मास्तर, मुलगा कसा आहे?"

"चांगला हाय."

"घर?"

"माझ्या घरापेक्षा चांगलं हाय. म्या जेवून आलोय तिथं."

मी चमकून तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. बिशप म्हणाले, "मग अडलंय काय?" तुम्ही खिडकीबाहेरची नजर त्यांच्याकडं वळवलीत. मग म्हणालात, "काई नाय साहेब. माझंच मन अडलंय. त्याला परवानगी नाय लागत, त्याला येळ लागतो."

लग्न मुकुंदवाडीच्या आपल्याच चर्चमध्ये झालं. अशा लग्नात सहसा असतं तसंच, मिस्सा नव्हती. वाचन, वचनं, आशीर्वाद एवढंच. ज्या वेदीपाशी तुम्ही वस्तीतल्या प्रत्येकाला पहिल्या कम्युनियनच्या प्रसादासाठी तयार केलंत, तिथं स्वतःच्या पोरीच्या लग्नात मिस्साच नाही म्हणून तुम्हाला तो प्रसाद मिळाला नाही. सगळी गाणी तुम्हीच म्हटलीत. मधल्या एका गाण्यात तुमचा आवाज गेला आणि सिल्लोडहून आलेल्या बायका, ज्यांना ते गाणं येत नव्हतं, टाळ्यांनी ताल धरून बसल्या, तुम्ही पुन्हा उचलेपर्यंत.

गेल्या आठवड्यात पैठणकडचा एक बाप तशाच परवानगीसाठी मुलीला घेऊन माझ्या खोलीत आला. मुलगी भराभरा बोलत होती, बाप टोपी हातात फिरवत होता. मी नियम सांगितले, अर्ज कुठून कुठं जातो ते सांगितलं, चहा मागवला. मुलगी सही करायला बाहेर गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाई, एक इचारू? तुमच्या वडलायला कसं वाटलं व्हतं तवा?" माझं लग्न कुणाशी झालंय हे त्याला बाहेरच्या शिपायानं सांगितलं असणार. मी पटकन म्हणाले, "माझे वडील? ते तर लई खूश होते. गाणी म्हटली त्यांनी लग्नात." त्याचा चेहरा निवळला. पोरीला घेऊन तो फाटकाबाहेर गेला, तेव्हा त्यानं तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही खूश नव्हतात, दादा. मला त्या दिवशीही माहीत होतं. तुम्ही खूश नसतानाही गायलात, हे त्या माणसाला सांगायला हवं होतं. ते मला बोलता आलं नाही. रडू आलं असतं.