मावशींच्या घड्याळातलं मिनिट

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे! एक ट्रंक, एक गादी, बायको आणि नऊ दिवसांची टिल्ली. कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, महिन्याभरात नाक घासत परत येशील. नाक अजून जागेवर आहे. खोली वरच्या मजल्यावर, उजेड भरपूर, टायरच्या दुकानातली नोकरी पाच मिनिटांवर. घरमालकीण मावशी खालीच राहतात, एकट्या. किल्ली द्यायला वर आल्या तेव्हा पंधरा पायऱ्यांत चारदा थांबल्या, धापेने शब्द फुटेना. तरी टिल्लीला मागून घेतलं आणि तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बराच वेळ हसत राहिल्या. बायको खिडकीत केस वाळवत होती. वाटलं, हिच्यावरून दहा डिग्र्या ओवाळून टाकाव्यात.

बुधवार, ५

बाबांचा फोन. पुन्हा तेच टोमणे. मी मोबाइल भिंतीवर आपटला. दोघांत तो एकच होता. बायको म्हणाली, शूर आहेस हो, आता वेळ काय भिंतीला विचारू? मावशींनी ऐकलं असावं, लगेच त्यांचं घड्याळ आणून टांगलं. जिन्यात एकदाच थांबल्या. हवा मानवली म्हणाल्या.

शुक्रवार, ७

टिल्लीचा श्वास भरभर चालतो. दवाखान्यातून निघताना नर्सबाईंनी बजावलं होतं की बाळ शांत झोपलं असताना पूर्ण मिनिटभर मोजायचं. तीस ते साठ ठीक. मध्येच पाच-सात सेकंद थांबून पुन्हा सुरू झालं, तरी घाबरायचं नाही. पण साठच्या वरच राहिलं, नाकपुड्या फुलल्या, बरगड्यांखाली खड्डा पडला, बाळ कण्हलं, दूध ओढेना, ओठ-जीभ निळी पडली, तर यातलं एकही दिसताच कोणाला न विचारता निघायचं.

घड्याळाकडे बघत मोजले. एकावन्न. बायकोला म्हटलं, उगाच जीव टांगणीला लावू नकोस. मावशी रोज दुपारी टिल्लीला तासभर मांडीवर घेतात. त्यांनीही सांगितलं, या खोलीत सगळी बाळं अशीच श्वास घेतात.

सगळी म्हणजे कुठली, हे विचारायचं राहिलं.

शनिवार, ८. दुपार

सकाळी पुन्हा एकावन्न. बायको हट्टाला पेटली, म्हणाली, हे मिनिट लवकर संपतं. दुकानात उस्तादांना, म्हणजे आमच्या मालकांना, सांगितलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. म्हणाले, गाढवा, त्या खोलीतून दोन जोडपी रिकामा पाळणा घेऊन गेली, मी टेंपो काढतो, तू पळ.

उस्तादांच्या घड्याळावर त्र्याहत्तर. पुन्हा — त्र्याहत्तर. मावशींचं मिनिट बेचाळीस सेकंदांत संपतं.

बरगड्यांखाली खड्डा. होता कालही. मी आकडाच बघत बसलो.

जिन्यावर मावशी. एकदाही न थांबता धावत येतायत. गाणं म्हणत —

शनिवार, टेंपोत

दारात आडव्या आल्या. बाहेर वारा आहे म्हणे, लेकरू माझ्याकडे द्या. मी म्हटलं, सरका, नाहीतर मावशी म्हणणार नाही. सरकल्या नाहीत. खांद्याने रेटलं — भिंतीसारख्या घट्ट. बायकोने हाताला चावा घेतला तेव्हा वाट मिळाली. माझी बायको!

टिल्ली कण्हतेय. ओठ —

उस्ताद, दाबा.

शनिवार, हॉस्पिटल

ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी तासभर थांबला असतात तर — आणि आत वळल्या. बायको आत, उस्तादांचं घड्याळ घेऊन श्वास मोजतेय; मी दाराबाहेर बाकावर.

बासष्ट, ती आतून सांगते.

नर्स सांगते, खाली एक बाई आलीय, स्वतःला बाळाची आजी म्हणवते. म्हटलं, आजीबिजी कोणी नाही. दारापुढे पाय रोवून उभा आहे. जन्मदात्या बापाला जुमानलं नाही, ही कोण लागून गेली!

छप्पन्न. शाब्बास, टिल्ले.

आतून बायको हाका मारतेय — पाळण्यावर कोणी तरी वाकलंय, तेच गाणं म्हणतंय — या दारातून तर कुणीच —

नाही. आज नाही. मी आत