लंबवर्तुळाकार दीर्घिका, सी विंगच्या गच्चीतून

२ मे २००२
बँकेतून व्हीआरएस घेऊन वर्ष झाले. आजपासून खगोलशास्त्र. पुतण्या आमोद कंपनीच्या प्रोजेक्टवर अमेरिकेला गेला होता, येताना त्याने दुर्बीण आणली. पद्मजा म्हणाली, आधी गीझरचं बघा. शास्त्रज्ञांच्या बायका अशाच असणार.

४ मे, रात्री ८.३०
सापडली! कन्या राशीत. गोलसर, धूसर, पिवळट. पुस्तकात लंबवर्तुळाकार दीर्घिकेची हीच लक्षणे आहेत: सर्पिल भुजा नाहीत, वायू-धूळ जवळजवळ नाही, नवे तारे जन्मत नाहीत, आहेत ते म्हातारे आणि पिवळट-तांबूस. सगळे जुळले. अनंताला बोलावले. सव्वीस वर्षे शेजारच्या काउंटरवर होता, आता शेजारच्या फ्लॅटमध्ये आहे. त्याने बराच वेळ पाहिले आणि फोकसच्या चाकाकडे हात नेला. मी ओरडलो. मग म्हणाला, छान आहे. जळला.

५ मे
चाकाला सेलोटेप. वर पाटी: 'फोकस लावलेला आहे. हात लावून अक्कल पाजळू नये.'

७ मे
आणखी तीन सापडल्या! दुर्बीण वळवावी तिकडे दीर्घिका. सगळ्या लंबवर्तुळाकार, सर्पिल एकही नाही. दाट समूहाच्या मध्यभागी असेच असते म्हणे. म्हणजे कोथरूड मध्यभागी. नारायण पेठेतल्या मेव्हण्याला हे कळवले पाहिजे.

८ मे
सेक्रेटरी हेमाताई म्हणाल्या, गच्चीचा कोपरा केबलवाला डिशसाठी मागतोय. शनिवारी सगळ्यांना आकाश दाखवा, आवडलं तर कोपरा आणि गच्चीची किल्ली दुर्बिणीला. किल्ली मिळालीच समजा. व्हीआरएसनंतर कुणी मला काही मागितले नव्हते. फार बरे वाटले. उद्यापासून पहाटे पाचला उठून भाषणाची तयारी.

९ मे
उठलो नाही. मे महिन्यात पहाटे कन्या राशी मावळलेली असते. उठून उपयोग काय?

११ मे, शनिवार, रात्री ९.३०
घात झाला.
सगळी सोसायटी आली होती. मी सांगितले, या दीर्घिकेत तारे एका रांगेत फिरत नाहीत, ज्याचा तो कुठल्याही दिशेने जातो. हेमाताई म्हणाल्या, आपलं पार्किंग. पहिली दीर्घिका दाखवली. दुसरी, तिसरी. लोक म्हणू लागले, ही मघाचीच. केबलवाल्याचे नाव निघाले. तेवढ्यात अनंताने मला न विचारता दुर्बीण गुरूकडे वळवली. मी पाहिले. गुरूचीही दीर्घिका झाली होती, जरा मोठी. अनंताने सगळ्यांसमोर टेप सोलली आणि चाक फिरवले. गुरू लख्ख! शेजारी त्याचे चंद्र. टाळ्या झाल्या. अनंताला.
मी पुन्हा कन्येकडे वळलो. माझ्या दीर्घिकेच्या जागी एक ठिपका. साधा तारा.

१२ मे
अनंताला जाब विचारला. पहिल्याच दिवशी ओळखले होते म्हणे. मग बोलला का नाहीस? म्हणाला, पाटी होती. शिवाय बँकेत तुझी बेरीज चुकली म्हटलं की तू आठवडाभर बोलायचा नाहीस. मग काल कशाला? तर म्हणे, किल्ली हातची जात होती.
पद्मजालाही माहीत होते! म्हणाली, वर्षात पहिल्यांदा वेळेवर जेवत होतात, कशाला मोडता घालू? घरचा माणूस आणि शेजारचा माणूस, दोघांनी मिळून मला आठवडाभर वेड्यात काढले. हे मी विसरणार नाही. अनंताशी बोलणे बंद. कायमचे.

१४ मे
कोपरा कालच दुर्बिणीला मंजूर, बहुमताने. किल्ली अनंताकडे. हेमाताई म्हणाल्या, ते चाकाला हात लावू देतात.
दुर्बीण माझी, आणि कुलपाच्या आत. अनंत आठला गच्ची उघडतो. पद्मजा काल जाऊन आली. गुरूचे चंद्र चार दिसले म्हणाली. त्या गडबडीत मी मोजलेच नव्हते.

रात्री ७.५५
वर जातोय. फक्त पाटी काढायला.